सव्वा महिना : विटाळ नको, विश्रांती हवी!

इ. स. १८५५. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या अवघ्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. या निबंधात तिने धर्माला जाब विचारला, पेशवाईचा हिशेब मागितला. पण त्याचबरोबर, त्या काळातल्या कोणत्याही पंडिताला न दिसलेली एक गोष्टही तिने सांगितली. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर साधे छप्परही नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे अतोनात हाल होतात, हे तिने लिहून ठेवले. बाळंतपण हा चार भिंतींआडचा बायकी विषय नाही, तो जातीचा आणि हक्काचा विषय आहे, हे एका शाळकरी मुलीने आम्हाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकवले!

आज परिस्थिती बदलली आहे, हे मान्यच केले पाहिजे. अकोला जिल्ह्यातला मूर्तिजापूर तालुका घ्या. माना असो की कुरूम, गावात आशाताई आहे, तालुक्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, फोन केला की गाडी येते. डोक्यावर छप्पर आले. मग प्रश्न सुटला का? आमचे उत्तर आहे, नाही. कारण बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर आले तरी तिच्या शरीरात रक्त आले नाही आणि तिच्या वाट्याला विश्रांती आली नाही. आज आम्हाला बोलायचे आहे ते 'तारखेच्या सिझर'विषयी. म्हणजे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेल्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनविषयी. अचानक आलेल्या संकटात तयारीला वेळ नसतो. पण तारीख हातात असूनही तयारी होत नसेल, तर दोष कोणाचा?

सिझरबद्दल आपल्या वस्त्यांमध्ये दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे 'डॉक्टर पैशासाठी पोट फाडतात' आणि दुसरे म्हणजे 'सिझर म्हणजे सुखाची डिलिव्हरी, कळा नाही की काही नाही'. दोन्ही मते अर्धवट आहेत. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने देशभरात २१.५ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचे नोंदवले. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के! स्त्रीचे शरीर तेच, मग दवाखान्याची पाटी बदलताच ऑपरेशनची गरज तिपटीने कशी वाढते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले आहे की, एखाद्या लोकसंख्येत सिझरचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही.

पण याचा अर्थ सिझर म्हणजे लूटच, असा काढणे घातक आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर आली असेल, बाळ आडवे असेल, आधीची दोन-तीन सिझर झाली असतील, तर तारीख ठरवून केलेले ऑपरेशन आईचा आणि बाळाचा जीव वाचवते. एकेकाळी हे ऑपरेशन म्हणजे आईचा मृत्यू हे जवळपास ठरलेले असे. १८८२ साली जर्मनीच्या माक्स झेंगर या डॉक्टरने गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली आणि चित्र पालटू लागले. पुढे निर्जंतुकीकरण, भूल, रक्त आणि प्रतिजैविके आली. बाळंतीण वाचली ती सटवाईच्या कृपेने नव्हे, तर विज्ञानाने! म्हणून 'तिचे सिझर झाले, ती काय बाळंत झाली' असे टोमणे मारणाऱ्यांनी आधी लाज बाळगावी. पोटाचे आणि गर्भाशयाचे थर कापून, शिवून जी बाई दुसऱ्या दिवशी बाळाला पाजायला उठते, तिच्या कष्टाला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता तयारीकडे वळू. पहिला प्रश्न तारखेचा. दुसरे काही कारण नसेल तर ठरवून केलेले सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. पण आमच्याकडे तारीख कोण ठरवतो? पंचांग! अमुक नक्षत्र, तमुक मुहूर्त, मूळ नको, अमावस्या नको. ज्या बाळाची फुप्फुसे तयार व्हायची आहेत त्याला भटजीच्या घड्याळाप्रमाणे बाहेर काढायचे, यापेक्षा मोठी अंधश्रद्धा कोणती? आणि येथे आम्हाला आपल्या लोकांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. 'डॉक्टरसाहेब, जमलं तर १४ एप्रिलच धरा' असा हट्ट धरणारे भीमसैनिकही असतात. बंधूंनो, पंचांगाच्या जागी जयंतीची तारीख ठेवली म्हणून मुहूर्त हा मुहूर्तच राहतो! बाबासाहेबांचा वारसा जन्मतारखेने मिळत नसतो, तो विचाराने मिळतो.

दुसरा प्रश्न रक्ताचा. याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. सिझरमध्ये साध्या बाळंतपणापेक्षा रक्त जास्त जाते. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच हिमोग्लोबिन तपासा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणाआधी १८० दिवस आणि नंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहासोबत घेऊ नयेत, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा चालतो. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौच काळी झाली म्हणून घाबरून गोळ्या उकिरड्यावर फेकू नका.

आणि विदर्भातल्या आमच्या माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध समाजात अधिक आढळतो. हा कोणाचा शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप तर मुळीच नाही. ज्यांच्यात याचा एकच अंश असतो त्यांना हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखात तो पिढ्यान्पिढ्या टिकला, हे त्याचे विज्ञान आहे. एक अंश असलेली व्यक्ती 'एएस' म्हणजे वाहक, तिला सहसा त्रास नसतो. दोन्ही अंश असलेली 'एसएस' म्हणजे रुग्ण. अशा बाईला भूल देताना आणि ऑपरेशन करताना तिचे अंग थंड पडू नये, शरीरातले पाणी कमी होऊ नये, प्राणवायू कमी पडू नये, याची विशेष काळजी घ्यावी लागते. ते भूलतज्ज्ञाला आधी माहीत हवे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पण सोयरीक मोडेल या भीतीने कार्ड लपवून ठेवणारी घरे आम्हाला माहीत आहेत. लपवलेले कार्ड ऑपरेशनच्या टेबलावर जीव घेऊ शकते!

तिसरा प्रश्न सहीचा. ऑपरेशनपूर्वी संमतीपत्रावर सही लागते. ती कोणाची? सज्ञान बाईची स्वतःची! नवऱ्याची सही तिच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात सांगितले की, एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या ऑपरेशनला लागू होत नाही. जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सिझरच्या कागदावर सही केली म्हणून कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन उरकून टाकता येत नाही, त्याला वेगळी संमती हवी. मुलगी झाली म्हणून सासूने नको म्हणायचे आणि मुलगा झाला म्हणून नवऱ्याने 'करून टाका' म्हणायचे, यात त्या बाईचे मत कुठे आहे? सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. सिझर का करावे लागते? आताच का? रक्त कुठून मिळणार? बाळाचे डॉक्टर हजर असतील का? प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. 'शिका' या शब्दाचा अर्थ दवाखान्यातही लागू होतो.

चौथा प्रश्न जागेचा आणि पैशाचा. ऑपरेशनची खोली, भूलतज्ज्ञ आणि रक्त, या तीन गोष्टी त्या तारखेला एकाच ठिकाणी मिळतील का, हे महिनाभर आधी विचारून ठेवावे. मूर्तिजापुरात सोय होणार असेल तर उत्तम. नसेल तर एका बाजूला अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या बाजूला अमरावतीचे डफरीन. मूर्तिजापूर या दोन शहरांच्या मधोमध, रेल्वेवर आणि महामार्गावर आहे. तरीही रात्री दोन वाजता 'पुढे न्या' असे ऐकल्यावर होणारी तारांबळ आणि आधी ठरवून सकाळच्या गाडीने जाणे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१ जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात सिझर, औषधे, तपासण्या, रक्त हे सर्व मोफत आहे. सिझर झालेल्या आईला सात दिवसांपर्यंत जेवण मोफत आहे. घरून दवाखान्यात, तेथून दुसऱ्या दवाखान्यात आणि परत घरी सोडण्यासाठी गाडी मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेतून अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालील मातेला ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात पडली तर 'हे मोफत नाही का?' एवढे तरी विचारा. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. या हक्कासाठी माणसे तरसून मेली आहेत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. १९२९ मधली ही घटना. शिक्षकाची बायको बाळंत झाली, आजारी पडली, आणि डॉक्टरने विटाळ नको म्हणून तिला हात लावला नाही. थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. अंतरावरून न्यूमोनियाचे निदान झाले, आणि ती बाई गेली. फीचे दोन रुपये मात्र डॉक्टरने घेतले होते! जातीने या देशात केवळ पाणवठे अडवले नाहीत, तिने बाळंतिणीची खोलीही अडवली होती.

आता ऑपरेशनच्या दिवसाबद्दल. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपासून काही खायचे नाही. साधारणतः जेवण सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद करतात. लपून चहा-बिस्किट देणारी माया जिवावर बेतू शकते, कारण पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. भूल बहुधा पाठीत देतात. आई जागी असते, कमरेखालचे अंग बधिर होते. 'पाठीतल्या इंजेक्शनने जन्मभर कंबर दुखते' हा समज खरा नाही. कंबर दुखते ती वाकून पाजण्याने, ओझे उचलण्याने आणि निकस खाण्याने. बाळ ठीक असेल तर तासाभरात त्याला छातीशी धरावे. पहिले पिवळे दूध, चीक, पिळून फेकू नये. तीच बाळाची पहिली लस होय. मध, साखरपाणी, गुटी काहीही देऊ नये. टाक्यांवर भार नको म्हणून आईने कुशीवर पडून पाजावे.

चोवीस तासांच्या आत आधाराने उठून चालायचे असते. दुखते, पण चालल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो आणि आतडी कामाला लागतात. खोकताना, हसताना पोटावर उशी दाबून धरावी. आणि घरी आल्यावर काय? घरी आल्यावर बाळंतीण सापडते आजीबाईंच्या कायद्यात! 'पाणी नको पिऊ, टाके पिकतात.' 'वरण नको खाऊ, पू होतो.' 'भात नको, अंग धरतं.' तुरीचे वरण हेच आमच्या वऱ्हाडी ताटातले खरे पौष्टिक अन्न, आणि तेच तिच्यासमोरून उचलले जाते. वास्तविक जखम भरायला डाळ, अंडी, मटण, दूध, पालेभाजी आणि भरपूर पाणी लागते. डिंकाचे, मेथीचे लाडू चांगलेच आहेत, पण ते जेवणासोबत, जेवणाऐवजी नव्हेत. बाजेखाली निखारे ठेवून धुरी देणे बंद करा. त्या धुराने बाळाची छाती भरते आणि आईला भाजण्याचा धोका असतो. टाक्यांवर हळद, राख, तेल काही लावू नका. जखम स्वच्छ आणि कोरडी ठेवा.

ताप येणे, टाक्यांतून पू किंवा घाण वास येणे, तासाभरात पॅड भिजेल इतके रक्त जाणे, एकच पोटरी सुजून दुखणे, दम लागणे, खूप डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे, यांपैकी काहीही झाले तर मांत्रिक नको, देव्हारा नको, १०८ ला फोन करा. आणि बाळंतीण दिवसच्या दिवस रडत असेल, जगावेसे वाटत नाही म्हणत असेल, तर तिला बाहेरची बाधा झालेली नाही. तोही आजारच आहे, आणि तो औषधाने आणि आधाराने बरा होतो.

येथे आमचा मुख्य मुद्दा येतो. परंपरेने बाळंतिणीला सव्वा महिना दिला. पण कोणत्या नावाने? विटाळाच्या! ती अपवित्र म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत ठेवले, शिवू दिले नाही. आम्ही धम्म स्वीकारला आणि विटाळ नाकारला, हे योग्यच झाले. पण विटाळासोबत आम्ही तिची विश्रांतीही फेकून दिली नाही ना, याचा विचार केला पाहिजे. खरे तर आमच्या मायमाऊल्यांना सव्वा महिना कधी मिळालाच नाही. जिच्या घरी वावर नाही, तिला पंधराव्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जावे लागले, बाळाला धुऱ्यावरच्या झोळीत टाकून कापूस वेचावा लागला. सिझरनंतर निदान सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. सहा आठवडे म्हणजे जवळपास तोच सव्वा महिना! पाण्याचा हंडा, कापसाचे गाठोडे, सोयाबीनचे कट्टे, यांतले काय बाळापेक्षा हलके आहे? आतले थर बाहेरून दिसत नाहीत. वरचे टाके सुकले म्हणून बाई कामाला जुंपली जाते आणि मग आयुष्यभर 'सिझर झाल्यापासून पोट दुखतं' म्हणत फिरते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती आणली. आज नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती मिळालीच पाहिजे. पण मूर्तिजापूरच्या शिवारात रोजाने जाणाऱ्या बाईला किती आठवडे? शून्य! तिच्यासाठी आहे ती २०१७ साली सुरू झालेली मातृवंदना योजना, पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. सव्वा महिन्याची बुडालेली मजुरी, तिचे खाणे आणि येण्याजाण्याचा खर्च यात कसा बसवायचा, हे कोणी सांगेल काय? शेतमजूर स्त्रीला बाळंतपणाची पूर्ण मजुरी, ही मागणी आमच्या मोर्चांच्या पहिल्या पाच मागण्यांत आली पाहिजे.

सरकारकडे मागतानाच आपल्या घरातही डोकावू. याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात गाडगेबाबा मामाच्या घरी वाढले. स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची जातरीत मोडून त्यांनी लोकांना गोड जेवण घातले. कर्ज काढून पंगती घालू नका, हे त्यांनी जन्मभर सांगितले. आणि आम्ही? नामकरणाला मंडप, डीजे, फ्लेक्स आणि त्या फ्लेक्सवर सगळ्या नेत्यांचे फोटो. पण जिने पोट कापून घेतले ती आई त्याच दिवशी दोनशे माणसांच्या स्वयंपाकाला बसलेली! नामकरण साध्या वंदनेने करा, दहा माणसांत करा, आणि उरलेल्या पैशात तिला रोज दोन अंडी आणि पावशेर दूध द्या.

पुरुषांनाही सांगणे आहे. पुढचे गरोदरपण निदान दीड-दोन वर्षे लांबवणे गर्भाशयाची जखम मजबूत होण्यासाठी गरजेचे आहे. दर सिझरमागे पुढच्या वेळी वार जखमेत रुतून बसण्याचा धोका वाढतो. पहिले सिझर झाले म्हणून दुसरे होईलच असेही नाही, ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात काहींची नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. त्यासाठी डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडला तो १९३८ साली. त्यानंतर एवढा काळ लोटला, तरी नसबंदीचे ऑपरेशन बाईच्याच वाट्याला! पुरुषाची नसबंदी सोपी, बिनटाक्याची, काही मिनिटांची. मग समतेचे पाईक मागे का?

प्रत्येक विहाराने एक वही घालावी. वस्तीत कोणती भगिनी गरोदर आहे, तिचा रक्तगट कोणता, सिकलसेलची तपासणी झाली का, सिझरची तारीख कोणती, त्या दिवशी रक्त द्यायला कोणते दोन तरुण तयार आहेत आणि नंतरचा सव्वा महिना तिच्या घरचे पाणी कोण भरणार, एवढेच त्या वहीत लिहावे. वर्षावासात प्रवचने होतात, जयंतीला वर्गणी जमते. त्यातला एक छोटा हिस्सा बाळंतिणीच्या मजुरीसाठी बाजूला ठेवणे आम्हाला जड नाही. विटाळ आम्ही पूर्वजांच्या पुण्याईने नव्हे, संघर्षाने घालवला. आता विश्रांतीही संघर्षानेच मिळवू. ती वही या पौर्णिमेला सुरू व्हावी!